राज्य बदललं, लायसन्सचं काय? कोल्हापूर सोडणाऱ्या ट्रान्सपोर्ट ड्रायव्हरांसाठी सगळी कागदपत्रं, क्रमानं

कोल्हापूरकराला परराज्य लांब नाही. कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात कोगनोळीचा टोलनाका येतो, पाट्यांवरची अक्षरं गोल होतात आणि आपण कर्नाटकात असतो. गगनबावड्याकडं किंवा आंबोलीकडं वळलेली गाडी संध्याकाळपर्यंत गोव्यात माल उतरवते. त्यामुळं आपल्याकडचा ड्रायव्हर रोज राज्य ओलांडतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. प्रश्न सुरू होतो तो बिऱ्हाड हलवताना. बेळगावात कायमची नोकरी लागली, म्हापशाला मेव्हण्याच्या टॅक्सीवर बसायचं ठरलं, बेंगळुरूला कंपनीनं खोली दिली, की हमखास फोन येतो, "साहेब, आता तिकडचं लायसन्स काढावं लागंल काय?"

मी शिरोलीच्या बाजूला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतो. गाड्यांची आणि ड्रायव्हरांची कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवावं म्हटलं.

उत्तर असं: तिकडचं लायसन्स काढायचं नसतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३ प्रमाणं देशातल्या कुठल्याही राज्यात दिलेलं लायसन्स सगळ्या भारतात चालतं. एमएच ०९ चं, म्हणजे कोल्हापूरचं, हेवी लायसन्स केए २२ च्या, म्हणजे बेळगावच्या, हद्दीत तितकंच खरं असतं. राज्य बदललं की बदलतो तो फक्त लायसन्सवरचा पत्ता आणि त्या निमित्तानं पुढची कामं कुठल्या कार्यालयात होणार ते. मात्र पत्ता बदलण्याचं निम्मं काम कोल्हापूर सोडायच्या आधी, इथंच उरकायचं असतं. सगळा घोटाळा तिथं होतो. माणसं टेम्पोत सामान भरतात, तिकडं जाऊन अर्ज करतात आणि मग एका नोंदीसाठी रजा टाकून परत कोल्हापूर गाठतात.

आधी हे ठरवा: बदलायचं आहे का?

लाइनवरच्या ड्रायव्हरानं पत्ता बदलायची गरज बहुतेक वेळा नसते. बायकापोरं कोल्हापुरात, रेशनकार्ड इथं, मतदान इथं आणि तुम्ही महिन्यातले वीस दिवस बेंगळुरूच्या खोलीवर, असं असेल तर लायसन्सला हात लावू नका. परराज्यातला पत्ता आहे म्हणून कुठलाही पोलीस चलन फाडू शकत नाही.

बदलायचं कुणी? बिऱ्हाडच हलवलंय त्यानं. तिकडं टॅक्सी, रिक्षा किंवा बस चालवायचीय त्यानं, कारण त्यात बॅजची भानगड आहे, ती पुढं सांगतो. आणि ज्याची रिन्यूची वेळ आलीय आणि परत कोल्हापूरला यायचं मनात नाही त्यानं.

एक गोष्ट मात्र कुणीही करू नये. काही जण सुचवतात, "तिकडं नवंच काढ की, जुन्याचं सांगूच नको." एका माणसाकडं एका वेळी दोन लायसन्सं असणं कलम ६ नं बंद केलंय. पूर्वी कागदी पुस्तकांच्या जमान्यात हे खपून जायचं. आता लायसन्सांची राष्ट्रीय नोंदवही आहे, २०१९ च्या दुरुस्तीत कलम २५-ए म्हणून ती कायद्यातच आली. नाव, जन्मतारीख, आधार, फोटो जुळले की जुनी नोंद समोर येते. त्यात अपघात झाला असेल आणि विम्याच्या वकिलानं दोन नंबर शोधून काढले, तर कोर्टात उत्तर देताना घाम फुटतो.

पहिलं काम: स्वतःचं लायसन्स नीट वाचा

हसू नका. वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसांनी स्वतःचं कार्ड कधी नीट वाचलेलं नसतं. कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात. एनटी म्हणजे नॉन-ट्रान्सपोर्ट, तुमची मोटरसायकल आणि घरची कार. टीआर म्हणजे ट्रान्सपोर्ट, तुमची भाकरी. एनटीची तारीख लांबची असते, म्हणून माणूस ती बघतो आणि निर्धास्त राहतो. टीआरची मुदत आता पाच वर्षांची असते. २०१९ च्या आधी ती तीनच वर्षांची होती, त्यामुळं जुन्या सवयीनं हिशेब करणाऱ्यांचाही गोंधळ होतो. धोकादायक माल नेणाऱ्यांची मुदत वेगळी असते आणि ती नव्या कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेली असते. तिथं तर कुणी बघतच नाही.

कार्ड वाचून झालं की सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी संकेतस्थळावर, तीच माहिती पडताळा. परिवहन सेवाच्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की नोंद दिसते. चार गोष्टी अक्षरन् अक्षर जुळवा: नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि गाड्यांचे वर्ग. आधारवर 'पाटील शिवाजी' आणि लायसन्सवर 'शिवाजी पाटील' एवढ्यावरूनही अर्ज अडतो. कार्डावर हेवीचा वर्ग आहे पण पोर्टलवर नाही, असंही मी पाहिलंय. जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी एक ओळ गाळलेली असते, बाकी काही नाही. पण ती ओळ परत चढवायची तर मूळ रजिस्टर लागतं, आणि ते मूळ कार्यालयात असतं. म्हणजे आपल्यासाठी ताराबाई पार्कातलं आरटीओ ऑफिस.

नोंदीत तुमचा मोबाईल नंबर कुठला आहे तेही बघा. सगळे ओटीपी तिथंच जातात. नंबर सात वर्षांपूर्वीचा असेल आणि ते सिम आता दुसऱ्याच कुणाच्या खिशात असेल, तर पोर्टलवर मोबाईल नंबर बदलायची सोय आहे, ती आधी वापरा. आधारला जोडलेला नंबरही चालू हवा. आधारचा पत्ता घरबसल्या बदलता येतो. आधारचा मोबाईल नंबर बदलायला केंद्रावर जावं लागतं का, ते आधी विचारून घ्या.

पुस्तकवाले ड्रायव्हर

ज्यांच्याकडं अजून जुनं पुस्तक किंवा लॅमिनेट केलेला कागद आहे, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. सारथीतला नंबर पंधरा अक्षरांचा असतो: राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचे दोन अंक, लायसन्स दिलं ते वर्ष चार अंकांत आणि शेवटी सात अंकी क्रमांक. जुन्या पुस्तकातला नंबर या साच्यात नसतो. मधे तिरप्या रेघा असतात, वर्ष दोनच आकड्यांत असतं. तुमची नोंद सारथीवर सापडत नसेल तर ती 'बॅकलॉग' म्हणून चढवावी लागते. हे काम ज्या कार्यालयानं लायसन्स दिलं तेच करू शकतं.

आमच्याकडचा एक ड्रायव्हर घर हलवून गोव्याला गेला. तिथं अर्ज केला तर नंबरच सापडेना. तिथल्या खिडकीवर सांगितलं, मूळ ऑफिसला नोंद करून आणा. इकडं आला तर रजिस्टर शोधायला माणूस जाग्यावर नव्हता. पुढच्या खेपेला पुस्तकातलं पहिलंच पान झिजलेलं निघालं, त्यावर हेवीचा शिक्का वाचता येईना. तीन खेपा आणि नऊ दिवसांची रजा गेली. जायच्या आधी एक सकाळ दिली असती तर एवढी पायपीट झाली नसती.

बॅकलॉगसाठी जाताना मूळ पुस्तक, त्याच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, आधार आणि असतील तर जुन्या रिन्यूच्या पावत्या न्या. लर्निंगची पावती, चाचणीचा कागद, काहीही जुनं सापडलं तरी बरोबर ठेवा. घरातल्या ट्रंकेतून निघालेला एक पिवळा कागद कधीकधी सगळं काम करून जातो.

टीआरची मुदत जवळ आली असेल तर

२०१९ च्या दुरुस्तीआधी मुदत संपल्यावर तीस दिवस लायसन्स चालत राहायचं. ती सवलत गेली. ज्या रात्री टीआर संपतं, त्याच्या दुसऱ्या सकाळी तुम्ही विनालायसन्स असता. पकडलं तर केंद्राच्या कायद्यात कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड आहे, आणि अशा ड्रायव्हरला गाडी दिली म्हणून मालकालाही कलम १८० खाली तेवढाच. आमचे मालक म्हणूनच तारखांची वही माझ्याकडून लिहून घेतात.

रिन्यूचा अर्ज मुदतीच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. मुदत संपल्यावरही एक वर्षापर्यंत चाचणीशिवाय रिन्यू होतं, फक्त उशिराची फी वाढते. पण या मधल्या काळात गाडी चालवता येत नाही, हे लोक विसरतात. वर्ष उलटून गेलं तर परत चाचणी. हेवीची चाचणी, तीही नव्या राज्यात, अनोळखी ट्रॅकवर. त्या वाटेला न गेलेलं बरं.

मग रिन्यू इथं करून जायचं की तिकडं? माझं मत असं. मुदतीला सहा महिन्यांहून कमी उरले असतील आणि जायला अजून महिनाभर असेल तर इथंच करून घ्या. इथले डॉक्टर, खिडक्या, माणसं ओळखीची असतात. फक्त एवढं बघा की कार्ड पोस्टानं नोंदीतल्या पत्त्यावर येतं. घराला कुलूप असेल तर पाकीट परत जातं आणि मग त्याच्या मागं धावावं लागतं. शेजारच्या काकूंना सांगून ठेवा किंवा पोस्टमनला गाठा. जायचं दोन दिवसांवर आलं असेल तर घाई करू नका, तिकडं पत्ताबदल आणि रिन्यू एकाच अर्जात मिळून करा. पोर्टलवर एका अर्जात दोन-तीन सेवांवर खूण करता येते. एक फेरी वाचते.

ट्रान्सपोर्टच्या रिन्यूला फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो. घरच्या कारच्या लायसन्सला तो चाळिशीनंतर लागतो. ट्रान्सपोर्टला मात्र वय पंचवीस असो की पंचावन्न, लागतोच. नजर, रंगांची ओळख, ऐकू येणं हे तपासतात. चष्मा असेल तर लावून जा. "चष्मा घातला तर नापास करतील" ही खुळी समजूत आहे. नापास होतं ते चष्मा न घालता अक्षरं चुकली म्हणून. आणि दाखला हवाय त्याच राज्यातल्या, आरटीओला चालणाऱ्या डॉक्टरांचा घ्या. कोल्हापूरच्या डॉक्टरांचा दाखला घेऊन बेळगावच्या खिडकीवर गेलात तर तो नाकारण्याची शक्यता जास्त.

एनओसी कुणाची, गाडीची की लायसन्सची?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ. गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन तिथं नोंदवायची असेल तर तिची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला लागतो, फॉर्म २८ वर. तो कायद्यानं ठरलेला आहे. लायसन्सचं तसं नाही. पूर्वी प्रत्येक कार्यालयाची वही वेगळी होती, तेव्हा लायसन्सचीही एनओसी मागायचे, कारण तिकडच्या बाबूला इकडचं लायसन्स खरं की खोटं हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. आता नोंद एकाच ठिकाणी असल्यानं तिकडच्या कार्यालयाला ती समोरच दिसते आणि पुष्कळ ठिकाणी कागद मागत नाहीत. पण काही खिडक्यांवर जुनी सवय सुटलेली नाही.

म्हणून एक साधी युक्ती. ज्या गावी जाताय तिथं ओळखीचा एखादा ड्रायव्हर असेलच. त्याला सांगा, तिथल्या आरटीओत जाऊन एवढंच विचारून ये की महाराष्ट्राच्या ट्रान्सपोर्ट लायसन्सचा पत्ता बदलायला एनओसी लागते काय. 'लागते' म्हणाले तर जाण्याआधी ताराबाई पार्कात अर्ज द्या. 'नाही' म्हणाले तर विषय संपला. निपाणी-चिकोडीकडच्यांचं काम केए २३ च्या कार्यालयात, बेळगावचं केए २२ ला, गोकाककडचं केए ४९ ला. गावाच्या पिनकोडवरून पोर्टल बरोबर कार्यालय दाखवतं.

लायसन्स निलंबित असेल किंवा त्यावर कारवाई चालू असेल तर राज्य बदलून ती सुटत नाही. सगळं तिकडंही दिसतं. ते आधी इथं मिटवा.

नव्या गावचा पत्ता

आधारचा पत्ता बदलणं हा सरळ रस्ता. आधारवर नवा पत्ता असेल तर पत्ताबदलाची सेवा आधार-पडताळणीनं, बऱ्याचदा कार्यालयात न जाताही होते. मतदार यादीतलं नाव, पासपोर्ट हेही पुरावे चालतात. भाडेकराराचं मात्र दोन बाजूंनी ऐकायला मिळतं. काही ठिकाणी नोंदणीकृत करार चालवून घेतात, काही ठिकाणी नुसता स्टॅम्पपेपर बाजूला सारतात. कंपनीच्या खोलीत राहणाऱ्यांची अडचण अशी की त्यांच्या नावावर ना करार असतो ना लाइटबिल. त्यांनी कंपनीच्या लेटरहेडवर राहण्याच्या जागेचं पत्र घ्यावं, आणि ते देऊन आधी आधार बदलता येतो का ते केंद्रावर विचारावं. आधार बदललं की पुढचं सगळं सोपं.

आधार बदलण्याआधी घरात एकदा बोला मात्र. कुटुंब गावी ठेवून एकटाच जाणारा माणूस आधारचा पत्ता बदलतो आणि मग गावच्या कुठल्यातरी योजनेत 'लाभार्थी स्थानिक नाही' म्हणून नाव अडकतं. बायको फोनवर जे ऐकवते ते आरटीओच्या बाबूपेक्षा जड असतं.

अर्ज, पायरीनं

परिवहन सेवाच्या संकेतस्थळावर लायसन्सच्या सेवा निवडल्या की सारथी उघडतं आणि पहिल्यांदा राज्य विचारतं. इथंच चूक होते. लायसन्स महाराष्ट्राचं म्हणून माणूस महाराष्ट्र निवडतो. तिथं विचारलेलं असतं की सेवा कुठल्या राज्यातून हवीय. राहायला गेलात ते राज्य निवडायचं.

पुढं लायसन्सवरच्या सेवांत जा. नंबर आणि जन्मतारीख टाका, तुमची जुनी नोंद समोर येईल. ती तुमचीच आहे हे कबूल करा, नवा पिनकोड टाका, कार्यालय निवडा. नवा पत्ता पुराव्यावर जसा आहे तसाच भरा. 'रोड' लिहिलंय तिथं 'रस्ता' नको, 'नगर' लिहिलंय तिथं 'कॉलनी' नको. मग सेवांची यादी येते, त्यात पत्ताबदलावर खूण, हवं असेल तर रिन्यूवरही. अर्ज फॉर्म २ मध्ये आपोआप तयार होतो. एक अर्ज क्रमांक मिळतो, तो लगेच लिहून ठेवा. मोबाईलचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही, मोबाईल हरवतात.

त्यानंतर कागद चढवणं, फोटो आणि सही, फी आणि लागली तर कार्यालयाची वेळ. केंद्राच्या नियमात पत्ताबदलाची फी २०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये आहेत. रिन्यूचे आणखी २०० रुपये. राज्यं यावर आपापला सेवाखर्च लावतात, त्यामुळं शेवटचा आकडा थोडा वर दिसेल. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. पोर्टलवर पैशांची स्थिती तपासायची सोय आहे, आधी तिथं बघा. बँकेचं सर्व्हर दमलेलं असतं, पैसे हरवलेले नसतात.

कार्यालयात जावं लागलं तर मूळ लायसन्स, आधार, पत्त्याचा पुरावा, फॉर्म १-ए, फीची पावती आणि अर्जाची प्रत घेऊन जा. सकाळी जा. बेळगावकडं मराठी चालून जाते. पुढं हुबळीच्या पलीकडं कन्नड येणारा एखादा सोबती घ्या, कामं निम्म्या वेळात होतात.

बॅज: इथं राज्य खरोखर बदलतं

आतापर्यंतचं सगळं ट्रकवाल्यांना पुरेसं आहे. टॅक्सी, रिक्षा, बसवाल्यांचं प्रकरण वेगळं. प्रवासी गाडी चालवायला लायसन्सच्या जोडीला जे अधिकारपत्र आणि बॅज मिळतो, तो राज्याच्या नियमांतून येतो. महाराष्ट्राचे मोटार वाहन नियम वेगळे, कर्नाटकचे वेगळे, गोव्याचे वेगळे. लायसन्स देशभर चालतं, पण कोल्हापूरच्या बॅजवर म्हापशात टॅक्सी लावता येईल असं धरून चालू नका. टूरिस्ट गाडीनं कोल्हापूरचे प्रवासी गोव्याला नेऊन आणणं वेगळं आणि गोव्याच्या स्टँडवर गाडी लावून धंदा करणं वेगळं.

नव्या राज्यात बॅजसाठी नव्यानं अर्ज करावा लागतो, आणि लायसन्सवर तिथला पत्ता असल्याशिवाय तो पुढं सरकत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधार, मग लायसन्सचा पत्ता, मग पोलिसांचा चारित्र्य दाखला, मग बॅज. चारित्र्य दाखला मिळायला वेळ लागतो, कारण नव्या ठाण्यात तुमची काहीच माहिती नसते आणि ते कोल्हापूरच्या ठाण्याला विचारतात. निघण्याआधी इथल्या पोलिसांचा दाखला काढून सोबत ठेवला तर तिकडच्या हवालदाराला दाखवायला काहीतरी असतं. तो चालेलच असं नाही, पण चौकशी हलकी होते.

भाषेचंही बघा. आपल्या राज्याच्या नियमांत प्रवासी गाडीच्या ड्रायव्हराला मराठीचं कामापुरतं ज्ञान असावं अशी अपेक्षा आहे. कर्नाटकात जाणाऱ्यानं कन्नडात 'किती, कुठं, डावीकडं, उजवीकडं' एवढं तरी शिकून जावं. पाहुण्यांनी घरधन्याची भाषा शिकावी, यात वाईट वाटायचं काय?

महाराष्ट्राचा बॅज परत करायचा का? नवा बॅज हातात येईपर्यंत तरी नाही. बेत फिरला आणि परत कोल्हापूरला यावं लागलं तर तोच कामाला येतो.

गॅस, पेट्रोल, रसायनांचे टँकर

या लायसन्सची मुदत तीन वर्षं असते आणि रिन्यूला प्रशिक्षणाचा दाखला लागतो. राज्य बदलताना जुन्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जपा, झेरॉक्सवर पुढच्या वेळी वाद होतो. कंपनीनं प्रशिक्षणाला पाठवलं असेल तर प्रमाणपत्र त्यांच्या फायलीत न ठेवता मागून घ्या. नोकरी सोडल्यावर ती फाइल उघडायला कुणी रिकामं नसतं.

छोटा हत्ती, पिकअप चालवणारे

तुमची बातमी चांगली आहे. ज्या गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत आहे ती मालाची गाडी चालवायला हलक्या वाहनाचं साधं लायसन्स पुरतं. सुप्रीम कोर्टानं हे २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सांगितलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ते कायम केलं. म्हणजे तुम्हाला टीआरची वेगळी नोंद नसली तरी त्या एका कारणावर विमा कंपनीला हात वर करता येत नाहीत. अर्थात नोकरी देणारा मालक टीआर मागूच शकतो. कायदा त्याला अडवत नाही, आणि बऱ्याच मालकांना तो निकाल माहीतही नसतो. खिशात निकालाचं नाव लिहून ठेवा, पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी काढू नका.

गाडीही स्वतःची असेल तर

हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, म्हणून थोडक्यात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी फॉर्म २८ ची एनओसी ताराबाई पार्कातून, मग तिकडं फॉर्म २७. एनओसीच्या आधी टॅक्स, चलनं, फिटनेस, विमा सगळं साफ असावं लागतं, कर्ज असेल तर बँकेचं पत्र लागतं आणि महाराष्ट्राचं परमिट जमा करावं लागतं. परमिट जमा केल्यापासून नवं मिळेपर्यंत गाडी उभी राहते आणि हप्ता चालूच राहतो. तो काळ उसाच्या हंगामात येऊ देऊ नका. बीएच (भारत सीरिजचा) नंबर घेऊन सुटका होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो खासगी गाड्यांसाठी आहे.

उलट प्रवास: निपाणीहून कोल्हापूर

सीमेपलीकडचे आपलेच लोक कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, गोकुळ शिरगावला, गांधीनगरच्या ट्रान्सपोर्टांत कामाला येतात. त्यांच्यासाठी वरचंच सगळं उलट्या दिशेनं. मूळ नोंद दुरुस्त करायची तर चिकोडी किंवा बेळगावला, अर्ज करताना राज्य महाराष्ट्र, कार्यालय कोल्हापूर. डॉक्टरांचा दाखला इकडचा. रोज येऊन-जाऊन काम करत असाल तर काहीच बदलू नका. निपाणी-कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरसाठी पत्ता बदलून कुणाचं भलं झालेलं नाही.

अर्ज चालू असताना

अर्जाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. तुमचं टीआर जिवंत असेल तर जुनं कार्ड नवं येईपर्यंत चालतं. खिडकीवर जुनं कार्ड जमा करून घेतलं असेल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन अॅपमधलं लायसन्स दाखवा. २०१८ च्या नियमदुरुस्तीनंतर ते मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. रात्री घाटात नेटवर्क नसतं, म्हणून अॅपमधली प्रत आधीच उतरवून ठेवा आणि एक छापील प्रत विमा-पीयूसीच्या पाकिटात असू द्या.

नवं कार्ड आलं की पाकीट फोडल्या फोडल्या गाड्यांचे वर्ग मोजा. पत्ता बरोबर आला आणि हेवीची ओळ गळाली, असं होऊ शकतं. तसं झालं तर त्याच आठवड्यात अर्ज क्रमांक घेऊन त्याच खिडकीवर जा. सहा महिन्यांनी गेलात तर परत जुनं रजिस्टर, म्हणजे परत कोल्हापूर.

एजंटाचं विचाराल तर अर्ज भरून द्यायचे शंभर-दोनशे घेत असेल आणि तुम्हाला मोबाईलचा कंटाळा असेल तर द्या, त्यात पाप नाही. पण ओटीपी सांगू नका, मूळ लायसन्स त्याच्याकडं रात्रभर ठेवू नका, आणि अर्जात मोबाईल नंबर तुमचाच टाकलाय का ते त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. आमच्या दोन ड्रायव्हरांच्या नोंदीत अजून एका एजंटाचाच नंबर आहे. रिन्यूचा ओटीपी मिळवायला दर वेळी त्यालाच शोधावं लागतं, आणि त्यानं आता दुकान बदललंय.